गवताची राखण

कुंडीपाड्यात नऊ घरं आणि नऊ घरांची शेतं डोंगराच्या उतारावर एकाखाली एक. ज्वारीचा दाणा भरायला लागला की पाड्यातली माणसं घरात कमी आणि माळ्यावर जास्त राहायची. चार खांबांवर फांद्यांची शेज, वर पळसाच्या पानांचं छप्पर, हाताशी गोफण आणि दगडांचा ढीग. कालीबाईचा माळा सगळ्यांत वरच्या शेतात, जंगलाला अगदी चिकटून होता. रानडुकरं उतरली की पहिला घास तिच्याच ज्वारीचा.

तिच्या घरात राखणीला ती एकटीच. दोन्ही मुली लग्न होऊन गेलेल्या. नवरा वीरसिंग चार वर्षांपूर्वी मोहाची फुलं वेचायच्या दिवसांत अस्वलाच्या तावडीत सापडला होता. जीव वाचला, पण उजवा पाय गुडघ्यापासून वाकडा झाला आणि एक डोळा गेला. माळ्यावर चढवून बसवला तर तो ओरडायचा, डबा बडवायचा. खाली उतरून डुकरांमागे धावणं त्याच्याने होत नव्हतं.

त्या वर्षी दिवाळीला थोडे दिवस राहिले असताना पाड्याचा पाटील दलसिंग धापा टाकत वर आला.

"कालीबाई, खाली बंगल्यावर जायचंय. घरटी एक माणूस. आजपासून साहेब येऊन जाईपर्यंत."

"कशाला?"

"राखण करायला."

"कशाची?"

दलसिंगने उगाच मागे वळून पाहिलं. "गवताची."

"गंजी रचलीय का कोणाची?"

"गंजी नाही. हिरवं गवत. जमिनीवरचंच."

"मग गुरं हाकलायची?"

"गुरांना त्यावर सोडतच नाहीत," दलसिंग म्हणाला. "ते गवत बघायला असतं."

माळ्यावरून वीरसिंग खो-खो हसला. कालीबाईला मात्र हसू आलं नाही. दलसिंगचा चेहरा हसण्यासारखा नव्हता.

साकळबारी ही सातपुड्यातली एक लहानशी जहागीर, कुंडीपाडा तिच्यातलाच. म्हातारा राणा वारल्यावर त्याचा मुलगा लांबच्या शाळेतून शिकून परत आला होता आणि गादीवर बसला होता. कारभार पाहायला पठारावरून एक कारभारी आणला होता. ह्या कारभाऱ्याने पूर्वी कुठल्याशा मोठ्या संस्थानात नोकरी केली होती. तिथे साहेब लोक हिरव्या गवतावर खुर्च्या मांडून चहा पितात, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून ओढ्याकाठच्या नव्या बंगल्यासमोर त्याने पावसाळ्यात हरळी लावून घेतली होती. दिवाळीनंतर गोरा साहेब दौऱ्यावर येणार, तो ह्या गवतावर बसणार. आणि रोज सकाळी पाहावं तर जनावरांनी ते गवत उकरून ठेवलेलं.

वेठ पाड्याला नवी नव्हती. साहेबांचं सामान वाहायचं, रस्ता साफ करायचा, शिकारीला जंगल हाकायचं. बोलावलं की जायचं, असंच आजवर चालत आलेलं. कालीबाईही गेली. जाताना वीरसिंगला माळ्यावर चढवलं, भाकरी आणि पाण्याचा तुंबा जवळ ठेवला.

ती बंगल्यावर पोचली तेव्हा ऊन अजून चांगलं होतं. तशी जमीन तिने कधी पाहिली नव्हती. ताटासारखी सपाट, आणि गवत मेंढीच्या लोकरीसारखं कापलेलं. पण जागोजाग खड्डे. गवताजवळ नथ्थू माळी डोक्याला हात लावून बसला होता. तो नंदुरबारकडचा, त्याची बोली अहिराणी. मोलगीच्या बाजारात येऊन-जाऊन कालीबाईला ती समजायची आणि मोडकीतोडकी बोलताही यायची.

"रोज सकाये उठीसन देखस तं खड्डाच खड्डा," नथ्थू म्हणाला. "हाई गवत मन्हा जीव ली ऱ्हायनं, माय."

कालीबाई खाली बसली. एका खड्ड्यात तिने बोटं घातली. खड्डा वाटीएवढा, तोंड लहान, माती एकाच बाजूला फेकलेली.

"हे खोकडांचं काम," ती म्हणाली. कोल्ह्याहून लहान, झुपकेदार शेपटीची ती जोडी ओढ्यापलीकडच्या बिळात राहायची, हे पाड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. ती दोन पावलं सरकली. इथे हातभर रुंद पट्टाच घोंगडीसारखा गुंडाळला गेला होता. "आणि हे डुकराचं."

"पन ते काय शोधतंस आठे? गवत तं खातंस नई."

कालीबाईने खड्ड्याच्या कडेची माती बोटाने उकरली आणि एक पांढरी, जाड, वाकडी अळी तळहातावर घेतली. डोकं तांबूस. हुमणी.

"ह्याच्यासाठी. खत कोणतं घातलंस?"

"पाड्यातून शेण आणेल व्हतं."

"कुजवून?"

नथ्थूने मान हलवली. कारभाऱ्याला घाई होती, शेण ओलंच टाकलं होतं.

"मग हुमणी होणारच. तूच त्यांना जेवायला बोलावलंस," कालीबाई म्हणाली. मग तिने गुंडाळलेला पट्टा उलटा केला आणि मुळांतल्या काळ्या गाठी दाखवल्या. "आणि ह्या लव्हाळ्याच्या गाठी. डुक्कर ह्यांच्यावर जीव टाकतं. हरळी आणताना ओढ्याकाठची आणलीस ना? तिच्याबरोबर लव्हाळा आला."

मग उपाय तिने सांगितला, अगदी आपल्याच शेताचा सांगावा तसा. ओढ्याचा पाट फोडून एक दिवस आणि एक रात्र गवत पाण्याखाली ठेवायचं. गुदमरून हुमणी वर येते. सकाळी पाणी उतरलं की बगळे आणि साळुंक्या येऊन सगळं साफ करतात. लव्हाळा गाठींसकट उपटायचा. भोवती बोरीच्या फांद्यांचं कुंपण, बुडखे आत आणि शेंडे बाहेर. खायलाच काही उरलं नाही तर खोकड कशाला येईल?

"दोन-तीन दिवसांचं काम. त्याला नऊ माणसं रात्रभर कशाला लागतात?"

"तू सांगस ते खरं शे," नथ्थू म्हणाला. "मी सांगी पाहस. पन कारभारी ऐकाव नई."

ती रात्र नऊ घरांच्या नऊ माणसांनी गवताभोवती मशाली धरून काढली. उजाडताच कालीबाई डोंगर चढून घरी गेली.

शेताचा वरचा कोपरा आडवा झाला होता. ताटं मोडून चिखलात दाबलेली, कणसं अर्धी चावून थुंकलेली. माळ्याच्या शिडीशी वीरसिंग बसला होता. खाली उतरायला गेला आणि पडला, दोन्ही कोपरं सोलवटून निघाली होती. घसा पार बसला होता.

"सात होती," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मी ओरडत होतो. पहिल्यांदा पळाली. मग त्यांना कळलं, हा नुसताच ओरडतो."

कालीबाई रडली नाही. तिने त्याची कोपरं धुतली, पाला चोळून बांधला, त्याला भाकरी दिली. मग चावलेलं एक कणीस उचललं आणि आली त्या वाटेने परत खाली निघाली. पायांत झोप होती, तरी ती कुठे थांबली नाही.

कारभारी बंगल्याच्या ओट्यावर खुर्च्यांना रोगण लावून घेत होता. कालीबाईने कणीस त्याच्यासमोर ओट्यावर ठेवलं.

"मी तुझं गवत राखलं, माझी ज्वारी डुकरांनी खाल्ली," ती बाजारच्या मोडक्या भाषेत म्हणाली.

"तुझं? तू कोणाला म्हणतेस?" कारभारी गरजला.

"आमच्यात अहोजाहो नाही. देवालाही आम्ही तूच म्हणतो." तिला खरंच भांडायचं नव्हतं, अजून तरी. ती पुढे म्हणाली, "नथ्थूभाऊला मी सगळं सांगितलंय. पाणी सोड, लव्हाळा उपट, काटे लाव. एक खोकड फिरकणार नाही. माणसं लागणारच नाहीत."

"पाणी सोडून चिखल करू? साहेब यायच्या तोंडावर? आता तू मला बागकाम शिकवणार?"

"हो. तुला येत नाही म्हणून."

रोगण लावणारा शिपाई हातातला कुंचला तसाच धरून थांबला. कारभाऱ्याचा चेहरा लाल झाला.

"हे बघ बाई. साहेब येतील तेव्हा चहूबाजूंनी माणसं राखणीला उभी दिसली पाहिजेत. जहागिरीचा मान असतो तो. संध्याकाळी सगळ्यांनी इथे यायचं. आली नाहीस तर तुझा बैल कोंडवाड्यात जाईल."

"बैल ने," कालीबाई म्हणाली. "आज मी माझ्या माळ्यावर असेन."

हे शब्द तोंडून गेल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं.  पण फाटकापर्यंत तिने मागे वळून पाहिलं नाही.

दुपारीच दोन शिपाई आले आणि जोडीतला पांढरा बैल सोडून घेऊन गेले. तो बैल तिने वासरू असल्यापासून वाढवला होता. शिपाई त्याला ओढायला लागले, तो मान मागे वळवून हंबरत राहिला. वीरसिंग एका डोळ्याने ते पाहत होता.

"आता?" त्याने विचारलं.

"आता दगड गोळा करते," ती म्हणाली आणि गोफणीचे दगड वेचायला लागली.

बैल नेल्याचं ऐकून पाडा जमला. दलसिंग हात जोडून म्हणाला, "कालीबाई, तू एकटी नाहीस. तुझ्यापायी सगळ्यांचे बैल जातील." खालच्या शेतातली तुळशीबाई मागेच उभी होती. तिचं पोर लहान होतं, आणि तिला शिपायांची भीती वाटायची.

"मी कोणाला अडवत नाही," कालीबाई म्हणाली. "ज्याला जायचं त्याने जावं. पण एक सांगते. काल सात डुकरं आली, ती आजही येणार. आज मी असेन, तर माझ्या शेतात त्यांना शिरू देणार नाही. मग ती कुठे जातील?"

तुळशीबाईने खाली आपल्या शेताकडे पाहिलं. ती बंगल्यावर गेली तर तिच्या ज्वारीवर राखणीला कोणी उरणार नव्हतं. त्याच्याखाली गुलाबबाईचं शेत, तिथेही राखणीला दुसरं कोणी नाही. मग आमशाचं. डुकरं पायऱ्या उतरावीत तशी एकेक शेत उतरत जाणार होती.

"मी नाही जात बंगल्यावर," तुळशीबाई हळूच म्हणाली.

"मग माझं शेत काय उघडं टाकू?" गुलाबबाई फणकारली. "मीही नाही जात."

आमशा उठला आणि आपली गोफण आणायला गेला. संध्याकाळपर्यंत नऊच्या नऊ माळे भरले. नववा दलसिंगचा. तो सगळ्यांत शेवटी चढला आणि रात्रभर त्याचाच आवाज सर्वांत मोठा होता.

त्या रात्री कुंडीपाड्याची ज्वारी वाचली. आणि खाली बंगल्याचं गवत? डुकरांनी ते नांगरल्यासारखं केलं.

सकाळी कारभारी स्वतः तट्टावर बसून डोंगर चढून आला. बरोबर दोन शिपाई. वाट अरुंद होती म्हणून तट्टू ज्वारीत शिरलं, तशी गुलाबबाई माळ्यावर उभी राहून ओरडली, "पिकात घोडा घालू नको!" वरच्या माळ्यावरून तुळशीबाईने तेच उचललं, मग आमशाने, मग पलीकडच्यांनी. डुकरं आली की एकमेकांना हाक द्यायची सवयच होती सगळ्यांना. नऊ माळ्यांवरून ती हाक डोंगरभर घुमली. तट्टू बिचकलं. कारभारी खाली उतरला आणि लगाम धरून बांधावरून चालत वर आला.

"हे बंड आहे," तो कालीबाईला म्हणाला.

"ही राखण आहे. तूच सांगितली होतीस. आम्ही आमच्या गवताची केली."

"राणासाहेबांसमोर उभं करतो तुला. साहेबांसमोर."

"कर. माझा बैलही तिथेच आहे."

दिवाळी सरल्यावर साहेब आला आणि नऊ घरांना बोलावणं आलं. वीरसिंगही निघाला. आमशाने त्याला पाठुंगळी घेतलं. कालीबाईने लग्नात मिळालेली चांदीची हासळी गळ्यात घातली.

नथ्थूने खड्डे मातीने बुजवले होते, पण त्यामुळे गवत देवीच्या वणांनी भरलेल्या चेहऱ्यासारखं दिसत होतं. ओट्यावर मधल्या खुर्चीत साहेब, जाडजूड, पिकल्या मिशांचा. बाजूला तरुण राणा, पांढरा कोट आणि बूट घातलेला. गादीवर बसल्यापासून तो लोकांशी मराठीतच बोलायचा, तेही कारभाऱ्यामार्फत. घरची बोली जणू विसरलाच होता.

साहेबाला पुस्तकी मराठी येत होती. "ही बाई काय म्हणते?" त्याने विचारलं.

कालीबाई आपल्या बोलीत बोलली. सगळं सांगितलं. नवऱ्याचा पाय, सात डुकरं, हुमणी, लव्हाळा, बैल. मराठीत सांगायचं काम दलसिंगवर आलं. त्याला घाम फुटला होता.

"मायबाप, बाई म्हणते, चूक झाली. गरीब आहे. पदरात घ्या."

"मी असं बोलले नाही," कालीबाई म्हणाली. हे तिने बाजारच्या मोडक्या भाषेत म्हटलं, सर्वांना कळेल असं. "चूक माझी नाही. मी गवत वाचवायचं सांगितलं, ह्याने ऐकलं नाही. माझी ज्वारी गेली. मी परत राखणीला येणार नाही."

दलसिंगने मान खाली घातली. साहेबाने मात्र एकच शब्द पकडला होता.

"डुकरं? सात? मोठी आहेत?" तो खुर्चीत पुढे सरकला. "उद्या हाकारा करू."

कारभाऱ्याचा जीव भांड्यात पडला. "अवश्य, साहेब. हीच नऊ घरं सकाळी जंगल हाकतील. डुकरं थेट आपल्या बंदुकीसमोर आणतील."

"नाही," कालीबाई म्हणाली.

 साहेबाने भुवया वर केल्या.

"जंगलाखाली आमचीच शेतं आहेत. हाकारा ज्वारीतून जाणार. डुकरं जेवढं खातील त्याच्या दसपट माणसांचे पाय तुडवतील. कापणी होऊ दे. मग ये, मीच डुकरांची वाट दाखवीन. आता कोणी येणार नाही."

"कोणी येणार नाही?" कारभाऱ्याने बाकीच्यांकडे वळून दरडावलं. "कोण येत नाही, पुढे या!"

तुळशीबाई पोराला कडेवर घेऊन पुढे आली. गुलाबबाई आली. आमशा वीरसिंगला पाठीवर घेऊन तसाच पुढे आला. मग बाकीचे. दलसिंग शेवटी आला, पण आला.

कालीबाई आता राणाकडे वळली आणि पुन्हा आपल्या बोलीत म्हणाली, "राजा, तू आमच्यातला. तुझ्या आईने तुला ह्याच बोलीत झोपवलं. माझं म्हणणं तुलाही दुसऱ्याने समजावून द्यावं लागतं का?"

राणाचे कान लाल झाले.  मग गेल्या दोन वर्षांत कोणी ऐकली नव्हती त्या बोलीत, जरा अडखळत, त्याने विचारलं, "कापणीला किती दिवस?"

"पंधरा."

राणा साहेबाशी इंग्रजीत काहीतरी बोलला. साहेबाचं तोंड आंबट झालं. तो उठून आत गेला. चहा गवतावर झालाच नाही, आणि दोन दिवस राहणारा साहेब दुसऱ्या दिवशी सकाळीच निघून गेला. राणाला नवीन बंदुकीचा परवाना हवा होता, तो त्या वर्षी मिळाला नाही, असं नंतर मोलगीच्या बाजारात लोक बोलत होते.

पण ते नंतर. त्या दुपारी साहेब आत गेल्यावर कारभाऱ्याने "चला, निघा" म्हणून सगळ्यांना हाकललं. बैलाचं नाव कोणीच काढलं नाही. कालीबाई फाटकाकडे गेली नाही. ती सरळ गवताच्या मधोमध गेली आणि मांडी घालून बसली.

"उठ माय," नथ्थू कळवळून म्हणाला.

"बैल सुटला की उठते."

शिपाई पुढे आले, तशी आमशाने वीरसिंगला तिच्याशेजारी गवतावर उतरवलं. मग तुळशीबाई बसली. बघता बघता पाड्यातली सगळी माणसं त्या गवतावर बसली. आतल्या खोलीत साहेब होता. आरडाओरडा करायची, कोणाला फरफटत न्यायची सोय नव्हती. कारभारी ओट्यावर येरझाऱ्या घालत राहिला. शेवटी राणाच बाहेर आला आणि शिपायाला म्हणाला, "त्यांचा बैल आणून द्या."

बैल वाळला होता, पण हंबरला. कालीबाईने आधी त्याला ओढ्यावर नेऊन पोटभर पाणी पाजलं, मग सगळे डोंगर चढले.

कापणीच्या वेळी नथ्थू मुद्दाम पाड्यावर येऊन सांगून गेला. राणाच्या परवानगीने त्याने पाट फोडला होता. दुसऱ्या सकाळी एवढे बगळे उतरले की गवत पांढरं दिसत होतं. लव्हाळा उपटायला शिपाई लावले होते. "त्या दिनपाईन एक बी खोकड नई वनं," तो म्हणाला, आणि कालीबाईने त्याला नव्या ज्वारीची भाकरी खाऊ घातली.

कारभारी मात्र होता तिथेच होता. पुढच्या वर्षी त्याने कुंडीपाड्याला बोलावलं नाही. डोंगरापलीकडच्या पाड्याला रस्ता साफ करायला बोलावलं, तेही ज्वारी भरात असताना. तिथली दोन माणसं कालीबाईच्या शेतात येऊन उभी राहिली आणि काय करावं म्हणून विचारू लागली.

"तुमची शेतं एकाला एक लागून आहेत ना?" तिने विचारलं.

"आहेत."

"मग चला, बसून बोलू. तुमच्या पाटलालाही बोलवा." आणि गुलाबबाईला माळ्यावर लक्ष ठेवायला सांगून ती त्यांच्याबरोबर डोंगर चढायला लागली.